हिमाला दाखवलेली आग

दोष महर्षी ज्वालायनांचा होता. ज्वराचा नव्हे, दैवाचा नव्हे, आणि सुनेचा तर मुळीच नव्हे.

कृतयुगात, देवांनी पृथ्वीवर येणंजाणं अजून सोडलं नव्हतं त्या काळी, पयोदा नदीच्या तीरी, अर्जुन-कदंबांच्या गर्द छायेत, जिथे मृगशावकं निर्भयपणे हिंडत, तिथे या महर्षींचा आश्रम होता. त्यांच्या कुंडातला अग्नी साठ वर्षं विझला नव्हता, आणि त्यावर न शिजलेलं औषध त्यांच्या लेखी औषधच नव्हतं. वय वाढलं, जटा वाढल्या, शिष्य वाढले. स्वतःला शंका विचारायची सवय तेवढी गेली.

दक्षयज्ञाच्या विध्वंसात रुद्राच्या निःश्वासातून जन्मलेला तो त्रिशिर, दारुण ज्वर एका ग्रीष्मात आश्रमात शिरला आणि महर्षींच्या पुत्राला, शुचिव्रताला, धरून बसला. पित्यानं तीन दिवस काढे पाजले. कढत काढे, त्या धगधगत्या देहात!

चौथ्या दिवशी शुचिव्रताची पत्नी अनूपा, पाणथळ प्रदेशातल्या एका नावाड्याची लेक, हात जोडून म्हणाली, “तात, आमच्याकडे असल्या तापाच्या औषधाला आग लावत नाहीत. वाळा, चंदन, धने भरड कुटायचे, सहापट थंड पाण्यात चार प्रहर भिजवायचे, गाळून द्यायचे. एवढी एक रात्र मला द्या.”

“भिजवलेला पालापाचोळा!” महर्षी गरजले. “अगं, हा ऋषिपुत्र आहे, की तुझ्या बापाची गळकी होडी? पाण्यात ठेवली की फळ्या फुगून बरी व्हायला?”

शिष्य हसले. अनूपा हसली नाही. “होडी बरी होते, तात,” एवढंच म्हणून ती कलश भरायला गेली.

पहाटे पहिला घोट पोटात गेला आणि शुचिव्रतानं डोळे उघडले. “वाळ्याचा वास येतोय गं,” तो पुटपुटला. “आणखी दे.”

“सूर्य कासराभर वर येऊ दे, मग देते,” ती म्हणाली, आणि कपाळावरची पट्टी भिजवून आणायला नदीवर धावली. चार दिवसांत तिचा श्वास प्रथमच मोकळा झाला होता.

महर्षी पाहत होते. मुलाचा डोळा उघडला याचा आनंद त्यांना झालाच. पण तो कच्च्या पाण्यानं उघडला, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. अपक्व द्रव्य देवाला चालत नाही, मग ऋषिपुत्राला कसं चालावं? संस्कार नको? त्यांनी उरलेला कलश उचलून कुंडावर ठेवला, मंत्र म्हणत त्याला तीन उकळ्या आणल्या आणि स्वहस्ते मुलाला पाजला.

अनूपा परतली तेव्हा चंदनाचा सुगंध सबंध आश्रमभर उधळला होता; कलशात मात्र काळं, कढत पाणी उरलं होतं. आणि शुचिव्रत तडफडत होता.

“पुन्हा भिजव!” महर्षी ओरडले.

“चार प्रहर लागतात, तात. त्यांच्याजवळ एक तरी आहे का, बघा.”

तोच कुंडातून साक्षात सप्तजिव्ह अग्निदेव उठला, आणि त्याची मान खाली होती.

“ज्वालायना, बोलावशील तिथे मी येतो. पण गंध आणि गारवा माझ्यासमोर टिकत नाहीत, हे सांगायला देव कशाला हवा होता? समोर उभ्या बाईनं सांगितलंच होतं! आता ऐक. थंड पाण्यात भिजवून काढलेल्या औषधाला यापुढे ‘हिम’ म्हणतील, आणि त्यावर माझा अधिकार नसेल. जो हट्टानं त्याला आग दाखवील, त्याच्या हातचा गुण जाईल. पहिला तू.”

तेव्हापासून हिम चुलीवर चढत नाही. वैद्य ते अनूपेच्याच रीतीनं भिजवतात. तिचं नाव कुणी घेत नाही.

ज्वालायनांना एकच मुलगा होता. दुपारच्या आत तो गेला.