दवंडीची दुसरी फेरी

"चाळीस हजार फोनवर गेलाय हा निरोप, बाबा. आणि तुम्ही विचारताय, कळवलं का?"

वृंदा सातपुतेचा आवाज जरा चढलाच. नांदगिरी धरणाच्या कार्यालयातली ती जनसंपर्क अधिकारी. शब्द तिच्या हुकमात होते, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं.

समोर भिवाजी कोतवाल गवताच्या जाळावर हलगी शेकत बसले होते. वय ऐंशीच्या पुढचं. पन्नास वर्षं त्यांनी ह्या गावात दवंडी दिली होती.

"गेला ते कळलं," ते म्हणाले. "पोचला का?"



गेल्या वर्षीही निरोप गेला होता. तरी धरणाचं पाणी आलं तेव्हा कोरड्या पात्रात टरबुजाच्या वाड्या करणारी माणसं तिथंच होती. साळूबाईची झोपडी गेली, दोन शेळ्या गेल्या. तिच्या नातीला कुणीतरी खांद्यावर घेऊन छातीभर पाण्यातून काढलं. चौकशीत वृंदाचा कागद चोख निघाला. तिच्यावर ठपका आला नाही, पण महिनाभर तिला अन्न गोड लागलं नाही.

आज बुधवार. परवा, शुक्रवारी, पुन्हा पाणी सुटणार होतं.

म्हणून तिनं युक्ती काढली होती. म्हाताऱ्या कोतवालाची दवंडी फोनवर चित्रित करायची आणि सगळ्या गावांना पाठवायची. हलगी वाजली की माणूस बघणारच.

"वाचा बघू, म्याडम, काय सांगायचंय ते."

तिनं वाचलं. "शुक्रवारी सकाळी आठ वाजता नांदगिरी धरणातून विसर्ग सोडण्यात येणार असून नदीपात्रालगतच्या नागरिकांनी सतर्क राहावे."

भिवाजींनी हलगी उलटी करून पुन्हा जाळावर धरली.

"सतर्क..." ते म्हणाले. "म्हणजे उभं राहायचं, का बसायचं?"

वृंदाचे कान तापले. पण ती काही कच्ची नव्हती. तिथल्या तिथं तिनं कागदावर काट मारली आणि खाली दोन ओळी लिहिल्या.

"शुक्रवारी सकाळी आठला धरणाचं पाणी सुटणार. गुरुवारी दिवस मावळायच्या आत पात्रातून सगळ्यांनी वर या."

"आता बोललात," भिवाजी म्हणाले आणि उठले.

हलगी कडाडली. दारादारांतून माणसं बाहेर आली. नदीच्या काठावर उभं राहून भिवाजींनी खालच्या झोपड्यांना हाळी दिली, तेव्हा वेलांतली डोकी वर झाली. ऐंशीच्या म्हाताऱ्याचा तो आवाज ऐकून वृंदाच्या अंगावर काटा आला. फोनमध्ये सगळं झकास आलं होतं.

"झालं!" ती म्हणाली.

"निम्मं."

"निम्मं कसं? सगळ्यांनी ऐकलं की."

"एक फेरी झाली. अजून दुसरी हाय."

"पुन्हा तेच ओरडायचं?"

"न्हाई. दुसऱ्या फेरीला वरडायचं नसतं."

म्हाताऱ्यानं हलगी पाठीवर टाकली आणि तो वाळूत उतरला. वृंदा मागोमाग निघाली. कार्यालयातले इंजिनिअर तिला नेहमी चिडवायचे, धरण आम्ही सांभाळतो, तुम्ही फक्त बातम्या छापता. हे दुसऱ्या फेरीचं प्रकरण कळलं तर ते हसून लोळतील, असं तिला वाटलं.

पहिलीच झोपडी साळूबाईची. ती वेलांवरची टरबुजं चाचपून बघत होती.

वृंदानं फोन उचलून धरला. "मावशी, दवंडी ऐकली ना? आता काय करणार?"

साळूबाईनं पदर सारखा केला. फोनकडं बघून ती शाळेतल्या मुलीसारखी ताठ उभी राहिली.

"व्हय. समद्यांनी येळेवर निघायचं. आमी बी निघणार. सरकारचे आभार."

वृंदानं खुशीत भिवाजींकडं पाहिलं.

त्यांनी फोनवर हात ठेवून तो अलगद खाली केला. मग वाळूत बसकण मारली आणि एक टरबूज बोटांनी वाजवून पाहिलं.

"पिकलंय की गं, साळू."

"पिकलंय म्हंजे? आजच्या आज तोडाय पायजे असं झालंय."

"मग कधी तोडतीस?"

"शुक्रवारी."

वृंदा दचकली. "अहो, शुक्रवारी तर पाणी..."

भिवाजींनी तिच्याकडं नुसतं पाहिलं. ती थांबली.

"पाणी आठला सुटतंय," साळूबाई म्हणाली. "हितं याला धा वाजत्यात. नऊला माल घेणाऱ्या काकडे शेठचा टेम्पो येतुया. माल भरती अन् मग निघती. तोडल्याला माल टाकून कुठं जाऊ?"

"गेल्या साली काय झालं?" भिवाजींनी विचारलं.

"टेम्पो उशिरा आला की..."

वाऱ्यानं वेलांची पानं हलली.

वृंदा वाळूत बसली. तिच्या कागदावर टेम्पो कुठंच नव्हता.

"मावशी, हे तुम्ही गेल्या वर्षी कुणाला सांगितलं का नाही?"

"कुणाला सांगू? निरोप फोनवर आला हुता. फोनला सांगू व्हय?"

वृंदानं साळूबाईकडून शेठचा नंबर घेतला आणि लगेच लावला.

शेठ कुरकुरला. गुरुवारी त्याची दुसरीकडची खेप होती.

"काकडे शेठ," वृंदा म्हणाली, "शुक्रवारी नऊला तुमचा टेम्पो पात्रात उतरला, की दहाला पाणी त्याच्या चाकाला. शेठ, तुमच्या मालाचं बोलत नाही. ड्रायव्हर तुमचा आहे, पोहता येतं का त्याला?"

शेठ म्हणाला, उद्या तीनला पाठवतो.

"उद्या तीन," वृंदानं साळूबाईला सांगितलं.

"मग उद्या पाचला झोपडी वर," साळूबाई म्हणाली. ह्या वेळी तिनं पदर सारखा केला नाही. कोयता उचलला आणि ती तोडणीला लागली.

भिवाजी हसले नाहीत, पण त्यांनी मान डोलावली. वृंदाला वाटलं, आजवरच्या सगळ्या शाबासक्या एका बाजूला आणि ही मान एका बाजूला.

पात्रात पुढं अजून अकरा झोपड्या दिसत होत्या. ती उठली, वाळू झटकली.

"चला, बाबा."

भिवाजींनी पाठीवरची हलगी काढून शेजारी ठेवली आणि पाय पसरले.

"माझे गुडघे संपले. तू जा."

"मी एकटी?" तिनं विचारलं. मग जरा थांबून, "प्रत्येकाला काय सांगू?"

म्हाताऱ्यानं हात पुढं केला. वृंदानं क्षणभर पाहिलं आणि फोन त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो हलगीच्या कातड्यावर हळूच ठेवून दिला.

"वाजतं ते हितं राहू दे, पोरी. मी हाय राखणीला."