प्रार्थनेत घातलेला शब्द

फार पूर्वी, म्हणजे आपल्या पणजोबांचे पणजोबाही जन्मले नव्हते तेव्हा, एका खाडीच्या दोन काठांवर दोन राजे राज्य करत होते. खाडी इतकी अरुंद की अलीकडे कोंबडा आरवला तर पलीकडच्या बाया चूल पेटवत. दोन्ही काठांवर मिठागरं, दोन्ही काठांवर माड, आणि दोन्ही काठांवर येशूचं नाव घेणारी माणसं. खरं तर एकाच आजोबांची नातवंडं ती. पण राजांनी खाडी वाटून घेतली आणि नातवंडं एकमेकांना परकी झाली. राजांना काय, वाटण्या करायला बोट पुरतं.

अलीकडच्या काठावर इनास नावाचा मीठ पिकवणारा राहत होता. घरात बायको फिलू आणि एकुलता एक मुलगा दुमिंग. साऱ्या जगाला उन्हाळा नकोसा होतो, या घराला तो हवा असायचा. ऊन जेवढं कडक, तेवढं मीठ पांढरं. पहाटे आगरात उतरायचं, मीठ ओढून बांधावर ढीग लावायचे आणि चर्चची दुपारची घंटा होण्याआधी घर गाठायचं. फिलूने अंगणभर बोंबील आणि कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या असायच्या. दारात बसून ती कावळ्यांना अशा काही शिव्या द्यायची की फादरांनी ऐकल्या असत्या तर तिला रोज पापकबुलीला बोलावलं असतं.

घंटा झाली की तिघंही अंगणातल्या क्रूसापुढे उभी राहत. प्रार्थना वाडवडलांपासून चालत आलेली. राजासाठी, मिठासाठी, पावसासाठी, आणि सगळ्यात शेवटी ही ओळ: "आणि देवा, ज्यांचं कोणी नाही, त्यांच्यासाठी." एवढं म्हणून घरधन्याने एक तांब्या पाणी क्रूसाच्या पायथ्याशी ओतायचं आणि दुसरा तांब्या कुंपणापाशी न्यायचा. तिथे जो उभा असेल त्याने प्यायचं. वाटसरू असो, वेडा असो, चोर असो, पाणी पिऊन होईपर्यंत त्याला नाव-गाव विचारायचं नाही. हीच रीत पलीकडच्या काठावरही होती.

मग लढाई लागली. कशावरून, ते त्या राजांनाच ठाऊक. दवंडी पिटली गेली आणि दुमिंग आपण होऊन शिपाई झाला. फिलूने त्याच्या गळ्यात मरियामातेचं पदक बांधलं आणि पदराने तोंड झाकून घेतलं. इनासची छाती मात्र अभिमानाने भरून आली होती. तो म्हणाला, "पोरा, आपल्या राजाचं नाव कुठेही लपवू नकोस. कोणी विचारलं तर मान ताठ ठेवून सांग."

"सांगेन, बाबा," दुमिंग म्हणाला आणि गेला.

त्या दुपारी शेवटच्या ओळीशी इनास अडखळला. त्याच्या मनात आलं, माझं पोर तिकडे छातीवर घाव झेलणार, आणि मी इथे त्याला मारणाऱ्यांसाठी देवाकडे भीक मागू? त्याने क्षणभर डोळे मिटले आणि म्हटलं, "आणि देवा, आपल्यातल्या ज्यांचं कोणी नाही, त्यांच्यासाठी."

फिलूने चमकून पाहिलं. "वाडवडलांच्या ओळीत शब्द घालू नये हो."

"एवढासा तर शब्द. देशासाठी एवढंही नको करायला?"

आता बायकोचं ऐकणारे नवरे त्या काळीही थोडेच होते. इनासने आपला शब्द शेजारच्या घरी सांगितला, शेजाऱ्यांनी पुढच्या घरी. जो तो म्हणाला, "इनासची देशभक्ती बघा, प्रार्थनेतसुद्धा देश विसरत नाही." बघता बघता साऱ्या गावाच्या तोंडी तो शब्द बसला. मग शब्दाला पाय फुटले. लढाई असो नसो, दोन्ही काठांचे कोळी खाडीच्या मध्यावर होड्या जवळ आणून तंबाखूची देवाणघेवाण करायचेच. त्यांच्याबरोबर शब्द पलीकडे गेला. तिकडच्यांनी विचार केला, त्यांनी आपल्याला वगळलं ना, मग आपण का कमी पडायचं?

एका दुपारी प्रार्थना संपली तेव्हा कुंपणापाशी एक तरुण मुलगा उभा होता. अंगावर पलीकडच्या सैन्याचा फाटका अंगरखा, ओठांना भेगा पडलेल्या. उन्हाने त्याला धड उभं राहवत नव्हतं. इनास तांब्या घेऊन गेला आणि मध्येच थांबला. कधी नव्हे ते त्याने विचारलं, "आपल्यातला का?"

मुलाने नकारार्थी मान हलवली.

"मग हे पाणी तुझं नाही. तुझ्या काठावर जा."

मुलगा वळला आणि मिठाच्या वाफ्यांतून खाडीच्या दिशेने चालू लागला. फिलू त्याच्या हातून तांब्या घेऊन मागे धावणार, तोच इनासने तिचा हात धरला. ऊन मी म्हणत होतं. मिठाच्या त्या पांढऱ्या झगझगाटात मुलगा दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी इनासने क्रूसाच्या पायथ्याशी पाणी ओतलं, आणि ते जिरेना. भर वैशाखातली भेगाळलेली जमीन ती, घागर ओतली तरी घटकेत पिऊन टाकणारी. पण पाणी तसंच वर राहिलं. उन्हानेही आटलं नाही. कावळे जवळ येऊन बघत आणि चोच न बुडवता उडून जात. तिसऱ्या दिवशीचं पाणी दुसऱ्या दिवशीच्या पाण्यात मिसळलं. फिलू दिवसभर त्या थारोळ्याकडे बघायची. तिचं ते बघणं इनासला जास्त जाचायचं.

आणि मग आगरात ती माणसं दिसू लागली.

आधी एकच होता, तो फाटक्या अंगरख्याचा मुलगा. घंटा झाली की बांधापलीकडे उभा असायचा, घराकडे तोंड करून. पुढे त्याच्या शेजारी आणखी एक, मग आणखी. कोणी म्हातारं, कोणी पोर कडेवर घेतलेली बाई. दुपारी सावली कोणाचीच लांब नसते, मान्य. पण माणसाच्या पायाखाली तरी ती असते. यांच्या पायाखाली नुसतं पांढरं मीठ होतं. इनास जवळ गेला की कोणी नसायचं. मिठावरची पापडी जशीच्या तशी, एकही पाऊल उमटलेलं नाही. गावात कोणाला विचारावं, तर जो तो दुपारची दारं लावून घ्यायला लागला होता. म्हणजे दिसत सगळ्यांनाच होतं, बोलत कोणी नव्हतं.

इनासने धीर करून क्रूसापुढे मोठ्याने 'आमच्या स्वर्गीय पित्या' सुरू केलं. वाटलं, भूतं असतील तर पळतील. पण त्यांचेही ओठ हलू लागले. शब्दाला शब्द जुळवत ती माणसं त्याच्याबरोबर म्हणत होती, आणि त्यामागून घरची रोजची प्रार्थनाही, राजासाठी, मिठासाठी, पावसासाठी. शेवटच्या ओळीत इनासने 'आपल्यातल्या' म्हटलं आणि सगळे ओठ एकदम थांबले. एवढ्या उन्हात त्याच्या अंगावर काटा आला.

त्यांच्यात सगळ्यात शेवटी एक नवा शिपाई होता, पाठमोरा, खाडीकडे बघत असलेला. पाठ ओळखीची होती. बापाला मुलाची पाठ ओळखायला कितीसा वेळ लागतो?

"दुमिंग," तो म्हणाला.

शिपाई वळला. गळ्यात पदक होतं. ओठांना भेगा पडल्या होत्या.

"बाबा, मला फार तहान लागली होती," दुमिंग म्हणाला. आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. "लढाईत वाट चुकलो नि पलीकडच्या काठावर गेलो. घंटा झाली, तसा एका घराच्या कुंपणापाशी उभा राहिलो. म्हटलं, रीत तर तीच आहे. ती बाई तांब्या घेऊन आलीही. पण तिने आधी विचारलं, 'आपल्यातला का?'"

इनास एक पाऊल पुढे सरकला.

"तुम्ही सांगितलं होतं ना, राजाचं नाव लपवायचं नाही. मी लपवलं नाही, बाबा. मान ताठ ठेवून सांगितलं. मग ती म्हणाली, हे पाणी तुझं नाही. आपल्याच घरातला शब्द तो. मला लगेच ओळखू आला."

"कोणाशी बोलताय हो उन्हात?" मागून फिलूने विचारलं. इनास तिच्याकडे वळला. हे तिला सांगायचं कसं? पण सांगावं लागलं. त्या घरातून त्या दुपारी जो हंबरडा उठला, तो खाडीपलीकडेही ऐकू गेला म्हणतात.

दुसऱ्या दिवशी घंटेच्या आधीच इनासने होडी पाण्यात लोटली. अंगातला पांढरा सदरा काढून त्याने वल्ह्याला बांधला. दोन्ही काठांचे पहारेकरी बघत राहिले; उघड्या अंगाच्या, रडणाऱ्या म्हाताऱ्यावर बाण सोडायला कोणाचा हात उठला नाही. पलीकडच्या पहिल्याच अंगणात एक बाई क्रूसापुढे एकटी उभी होती. तिच्या पायाशी न जिरलेल्या पाण्याचं थारोळं होतं.

तिने विचारलं, "कोण तुम्ही? कशाला आलात?"

"तुमच्या प्रार्थनेत एक शब्द आहे, बाई," इनास म्हणाला. "तो माझा आहे. परत न्यायला आलोय."

बाईने आगरातल्या एका मातीच्या ढिगाकडे बोट दाखवलं. ढिगावर माडाच्या झावळीचा क्रूस होता आणि क्रूसाला पदक बांधलेलं होतं. "दुसऱ्या दिवशी सापडला," ती खाली बघत म्हणाली. "मीच पुरला. तेव्हापासून जेवण जात नाही मला." त्या ढिगाजवळ उभं राहून दोघांनी जुनी ओळ जुन्यासारखी म्हटली, आणि त्या दिवसापासून दोन्ही आगरांत दुपारी कोणी उभं दिसलं नाही. दुमिंगही नाही.

इनास परतला तेव्हा गावकरी त्याला देशद्रोही म्हणाले. तो शांतपणे एवढंच म्हणाला, "देशाला मी माझा मुलगा दिला. तो परत मागत नाही. माझा शब्द तेवढा मागे घेतला." हळूहळू घराघरांतून तो शब्द गळून गेला.

म्हणून मंडळी, देशासाठी जीव द्यावा, पण तहानलेल्याला आधी पाणी द्यावं आणि मग त्याचं गाव विचारावं.