एकोणिसावी पायरी

सोनखळीच्या मानाजीराजांना कारंजं हवं होतं. दगडी मोर घडून तयार होते, नळ्या पुरून झाल्या होत्या, आणि पाणी घ्यायचं होतं गावच्या तळ्यातलं. सोनखळीला दुसरं पाणीच नव्हतं.

"गावाला लागतं तेवढं गावाला, उरलेलं कारंज्याला," राजे म्हणाले. बोलणं सरळ होतं. घोडं अडलं ते मोजण्यावर.

दिवाण भिकाजीपंतांनी कारकून घरोघर पाठवले. रोज किती घागरी लागतात? सरकार विचारतंय म्हणजे सरकार कापणार, हे न कळण्याइतकं गाव खुळं नव्हतं. दहा लागणाऱ्याने तीस सांगितल्या. त्याने तीस सांगितल्या म्हणून शेजाऱ्याने पन्नास. बेरीज झाली तेव्हा सोनखळीला तीन तळी लागत होती.

"सगळे खोटारडे!" राजे कडाडले. "आठ दिवसांत मला खरा आकडा हवा. एकाही घरी न विचारता, पाणवठ्यावर एकही घागर न मोजता! नाहीतर नवव्या दिवशी कारंजं सुरू!"

गावात तशी दवंडी पिटली गेली. कारंजं सुरू झालं तर होळीलाच तळ्यात चिखल उरणार होता.

गोंदा कुंभाराची लेक धुरपा तेव्हा माती तुडवत होती. तिचे पाय मातीतच थांबले. कुंभारआळी गावाच्या टोकाला. तळं आटलं की पहिली बोंब तिथूनच उठायची.

"बा, गावात रांजण कोण देतं?"

"आपणच की. दुसरा कुंभार हाय कुठं?"

"कुणाच्या घरी केवढा हाय, ठावं हाय तुला?"

"माझ्या हातचा हाय. ठावं नसायला काय झालं?"

धुरपाने चिखलाच्या पायांनीच खापरांची पाटी पुढे ओढली.

आठव्या दिवशी तिने ती पाटी दरबारात, गालिच्यावर उपडी केली. दिवाणजी दोन पावलं मागे सरकले.

"थोरलं खापर म्हंजी रांजण, बारकं म्हंजी माठ," ती म्हणाली. "गावात शिळं पाणी कुणी पीत न्हाई. रोज सकाळी रांजण नव्यानं भरत्यात. आन् भरती कोण? बाई! म्हून रांजण घेताना बाई नेमका लागंल तेवढाच मागती. कारकुनाला आकडा सांगितला तो गड्यांनी."

"आणि गुरं?" राजांनी विचारलं.

"गुराख्याला इचारलं."

"विचारलं!" दिवाणजी उसळले. "अट मोडली!"

"एकाही घरी इचारायचं न्हवतं. त्याला घरच न्हाई. देवळात निजतो."

"मडक्यांवरून कुठे गावाचा आकडा निघतो?" दिवाणजी म्हणाले. "आमच्याच घरी साठ घागरी लागतात."

"तुमच्या घरी दोन रांजण आन् एक माठ. चौदा घागरी. साठ वतल्या तर माजघरात होडी लागंल."

राजांनी शिपाई पिटाळला. तो धावतच परत आला. "दोन रांजण, एक माठ. माठ गळका आहे, महाराज."

"ठावं हाय," धुरपा म्हणाली. "बाईसाहेबांनी नवा सांगितलाय."

दिवाणजी छताची नक्षी पाहू लागले. राजे मात्र पुढे सरकून बसले. "आणि लग्नसराईत माणसं वाढतील ती?"

"लग्नाची मडकी आधीच सांगून ठेवत्यात. तेरा सुना येणार, अकरा लेकी जाणार. दोन माणसं वाढली, ती धरली. समदं मिळून दिसाला चोवीसशे घागरी. ऊन पितं त्ये धरून पंधरा दिसाला तळ्याची एक पायरी उघडी पडती. आता कार्तिक. मिरगापतूर पंधरा पायऱ्या."

"तळ्याला अठरा आहेत!" राजे उभेच राहिले. "तीन उरल्या! माझ्या!"

"उरल्या न्हाईत, म्हाराज. मिरग लांबला तर लागतील."

"लांबतो कधी?"

"तुमच्या लग्नाच्या साली लांबला व्हता. पाणी न्हवतं, म्हून नवरीकडलं वऱ्हाड तिसऱ्या दिवशीच गेलं. बा सांगतो."

राजे खाली बसले. वऱ्हाड मानपानावरून रुसून गेलं असं ते बावीस वर्षं समजत होते, आणि त्या रागात सासुरवाडीला एकदाही गेले नव्हते.

"मग माझं कारंजं?" त्यांनी विचारलं.

"मिरग आला की सोडा. तीन पायऱ्या तुमच्याच."

"पावसात कारंजं कोण बघणार?"

"छत्री धरून बघावं, म्हाराज."

दरबारात कुणी हसलं नाही, कारण राजे हसले नव्हते. उलट त्यांचा हट्ट पुन्हा उसळला. "मला ऐन उन्हाळ्यात हवं! गावाच्या अठरा पायऱ्यांतला थेंबही न घेता! बोल, आता बोल!"

राजांनी हे विचारलं नाही तर आपलं मागणं काढायचं कसं, याचीच धुरपाला काळजी होती.

"मग तळ्यातला गाळ द्या."

"गाळ?"

"आमची मडक्याची माती सरत आली. तळं उतरंल तसा आम्ही कडंचा गाळ काढतो, शेवटी कमरेएवढ्या पाण्यात उतरून तळचा; गाव हात लावंल. गाळाखाली एकोणिसावी पायरी हाय. माझा आजा तिच्यावर बसून अंग घासायचा. म्होरल्या पावसात तळं तेवढं जादा भरंल. ती पायरी म्या गावाच्या हिशोबात धरली न्हाई. त्याच्या म्होरल्या उन्हाळ्यापास्नं ती तुमची!"

राजे पोट धरून हसू लागले. दिवाणजीही हसले, जरा उशिरा.

"गाळ तुझा, पायरी माझी!" राजे ओरडले. "दरसालचा गाळ कुंभारआळीला लिहून द्या, पंत! आणि गावाच्या पाण्याचा आकडा यापुढे दर कार्तिकात ही पोरगी सांगेल. कारकुनांना घरी बसवा!"

हसता हसता राजांना ठसका लागला. हुजऱ्या पाण्याचा पेला घेऊन धावला. राजांनी तो ओठांशी नेला, आणि तिथेच थांबून धुरपाकडे पाहिलं.

"हे धरलंयस ना?"

"धरलंय, म्हाराज," धुरपा म्हणाली. "प्या."