समीर काय म्हणाला

“मग या दोन्हींतलं मी काय सोडू, तेवढं सांगा.”

मिथिलेनं हे तिसऱ्यांदा विचारलं. आधीच्या दोन्ही वेळा रघुआबांनी लाल माठाच्या वाफ्यावर झारी धरून नुसतं “हं” म्हटलं होतं.

या वेळी त्यांनी झारी खाली ठेवली.

“दोन्ही म्हणजे काय आणि काय? परत सांग.”

मिथिला शिरगावे नाट्यशास्त्राच्या एम.ए.ला होती, शेवटच्या वर्षाला. सकाळच्या पहिल्या एसटीनं ती कोल्हापूरहून घाट उतरून तळकोकणातल्या या गावात आली होती. रघुनाथ मेस्त्री, म्हणजे रघुआबा, चाळीस वर्षं दशावतारी नाटकांत बायकांची कामं करत होते. जत्रांमधून त्यांनी पदर सावरला की समोर बसलेल्या बायका नकळत आपापला पदर सावरत, असं विभागातले सर सांगायचे. आता वय चौऱ्याहत्तर. नाटक थांबलं होतं, मळा चालू होता.

मिथिलेला त्यांच्यावर प्रकल्प लिहायचा होता. शिवाय तिच्या एकांकिकेत एक मुलगा म्हाताऱ्या आईचं काम करत होता. त्याला शिकवायला बाईची चालही आबांकडून उचलायची होती. एका फेरीत दोन कामं. तिची सगळी कामं हल्ली अशीच चालत.

“एक, कॉलेज,” ती म्हणाली. “माझी हजेरी एक्कावन्न टक्के झालीय, पंचाहत्तर लागते. विभागप्रमुख बाईंनी बोलावून सांगितलं, यापुढे तास बुडवलास तर परीक्षेला बसू देणार नाही. दोन, माझी एकांकिका. मीच लिहिलीय, मीच बसवतेय. तीन आठवड्यांवर स्पर्धेची अंतिम फेरी आहे.”

“आणि?”

“आणि काल माझा मुख्य नट सोडून गेला. समीर नदाफ. आईचं काम करणारा.”

“का गेला?”

“पहिल्या वर्षाचा आहे. तास आणि तालीम दोन्ही झेपत नसणार.”

“नसणार?”

मिथिलेला तो शब्द असा परत हातात दिलेला आवडला नाही.

“म्हणजे… तसंच काहीतरी म्हणाला.”

आबा बांधावर बसले. पायाची माती काठीनं खरवडू लागले.

“गेल्या वर्षी दिग्दर्शनाचं पहिलं बक्षीस मला होतं,” मिथिला म्हणाली. “तेव्हाही परीक्षा होतीच. मला जमतं, आबा. पण या वर्षी तासाला बसले की तालीम बुडते, तालमीला गेले की तास बुडतो. दोन्हीकडचे लोक माझ्यावर नाराज. कुणीतरी एकदा स्पष्ट सांगायला हवं, की बाई, हे सोड आणि हे धर. मी सोडेन. मला तेवढी हिंमत आहे.”

“आहे ना. दिसतेय,” आबा म्हणाले.

ते चेष्टेत बोलले की खरं, हे तिला कळलं नाही.

“सोडायचंच आहे, तर आधी काय काय आहे ते बघू या.” दोन वाफ्यांमधल्या मोकळ्या जागेकडे त्यांनी काठी केली. “तिथे उभी राहा. काल तास झाला होता?”

“सकाळी.”

“तो करून दाखव. शिकवणाऱ्या बाई कर.”

मिथिला हसली. नकला म्हणजे तिच्या हातचा मळ. ओढणी खांद्यावरून घेऊन तिनं पदरासारखी खोचली, चष्मा नाकावर सरकवला, एका पायावर भार देऊन उभी राहिली आणि हवेत खडू धरून मान तिरकी केली. बाई जशाच्या तशा उभ्या राहिल्या.

आबांनी मान डोलावली. “छान. आता शिकव.”

खडू हवेत तसाच राहिला.

“काय… संस्कृत नाटकातला… नाही, ते परवा झालं. काल बहुतेक प्रेक्षागृहाचे प्रकार…”

“बहुतेक?”

काल सकाळी वहीच्या मागच्या पानावर ती तिसऱ्या प्रवेशाचा नकाशा काढत होती. आई कुठून येईल, खाट कुठे राहील. पूर्ण तास. हजेरी मात्र लागली होती.

“माझं लक्ष नव्हतं,” ती म्हणाली. “म्हणून तर म्हणते, तास सोडावेत.”

“असेल. मग दुपारची तालीम कर. तिथे तर तूच मालकीण.”

मिथिलेला हायसं वाटलं. पाण्याच्या पाटाशी एक दगड होता, त्यावर ती बसली. ती बसल्याबसल्या टाळी वाजवायची, तशी वाजवली. “चला, तिसरा प्रवेश, जागा घ्या.” मग आपोआप तिची मान खाली गेली आणि दोन्ही अंगठे हलू लागले.

“हे काय करतेस?”

“फोन.” ती थांबली. “पाच वाजता एक निबंध द्यायचा होता. तो लिहीत होते. पण माझं लक्ष होतं हं. मी एकीकडे बघत असते.”

“मग तू बाजूला हो. समीर कर.”

ती उठली.

समीर उंच होता, आणि उंच असल्याची लाज वाटावी तसा थोडा वाकून चालायचा. मिथिलेनं खांदे पुढे घेतले. पिशवी एकाच खांद्याला अडकवली. उजव्या हाताचा अंगठा पिशवीच्या चेनवर मागे-पुढे फिरू लागला. हे आपल्याला इतकं नीट आठवतंय याचं तिलाच नवल वाटलं. ती चार पावलं चालून मोकळ्या दगडासमोर उभी राहिली.

“ताई,” ती समीरच्या आवाजात म्हणाली.

आणि थांबली.

आबा वाट बघत होते.

“परत करते.” ती मागे गेली. पुन्हा खांदे, पुन्हा पिशवी, अंगठा, चार पावलं.

“ताई…”

पुढे ओठ हलले होते. किती वेळ हलले होते तेही तिला ठाऊक होतं. मधे त्यानं एकदा आवंढा गिळला होता. ओठ, आवंढा, चेनवरचा अंगठा, सगळं होतं. बोलणं नव्हतं.

“वाक्य विसरलीस?” आबांनी विचारलं.

“नाही.”

“मग?”

“…ऐकलंच नव्हतं.”

वाफ्यात पाणी मुरत होतं. पलीकडच्या मळ्यात कुणीतरी कुदळ मारत होतं, तिचा आवाज जरा उशिरानं इकडे पोचत होता.

“तू त्याला काय म्हणालीस?”

“‘जा मग.’”

“त्याच्या कुठल्या बोलण्यावर ‘जा मग’?”

ती अजून समीरसारखीच उभी होती. सरळ व्हावं हे तिला सुचलं नव्हतं.

“आमच्या नाटकात लिहिलेलं काही नसतं,” आबा म्हणाले. “राजा कोण, राणी कोण, गोष्ट काय, एवढं ठरतं. बोलणं तिथल्या तिथे. समोरचा काय म्हणाला ते ऐकलं नाही तर आपल्याला तोंडच नाही. एका जत्रेत मी राणी होतो. घरी भात कापून पडलं होतं, झोडायचं राहिलं होतं. उभा राणीच्या साडीत, डोक्यात खळं. राजा आला आणि म्हणाला, ‘राणी, आपला मुलगा रणात पडला.’ आणि मी म्हटलं, ‘बरं झालं. आता जेवून घ्या.’”

मिथिलेला हसू आलं. तिनं ते दाबलं.

“लोक हसले?”

“नाही. हसले असते तर बरं होतं.”

आबांनी पायाकडे बघितलं.

“मग भात तरी नीट झोडलंत ना, दुसऱ्या दिवशी?” मिथिलेनं विचारलं.

“दुसऱ्या दिवशी?” आबा म्हणाले. “दुसऱ्या दिवशी खळ्यावर उभा राहून त्या पोरासाठी रडलो. भात तसंच राहिलं. बायको म्हणाली, कोण मेलं? काय सांगणार तिला.”

“मग तुम्ही काय सोडलंत? शेती की नाटक?”

आबांनी झारी उचलली आणि ते विहिरीकडे गेले. हे उत्तर होतं की पाणी संपलं होतं, हे मिथिलेला ठरवता येईना.

ती जागेवरच उभी राहिली. मग फोन काढला. मळ्याच्या वरच्या कोपऱ्यात, कुंपणाला अगदी टेकून उभं राहिलं की रेंज येत होती. तिथून तिनं समीरला फोन लावला.

बराच वेळ वाजून तो उचलला गेला.

“समीर, काल तू मला काय म्हणालास?”



“काही नाही, ताई. ते झालं आता.”

“मी ऐकलं नव्हतं. परत सांग.”

“ऐकलं नव्हतं?”

“नाही.”

“…मी म्हटलं, गुरुवारी माझी तोंडी परीक्षा आहे. त्या दिवशी तासभर उशिरा आलो तर चालेल का.”

“एवढंच?”

“एवढंच. तुम्ही म्हणालात, ‘जा मग.’ वर बघितलंही नाहीत. मी तिथेच थांबलो थोडा. मला वाटलं, तुम्ही अजून काहीतरी बोलाल. मग संहिता खुर्चीवर ठेवली आणि गेलो. नंतर ग्रुपवर वाचलं.”

ग्रुपवर मिथिलेनंच लिहिलं होतं. खुर्चीवरची संहिता बघून, तालीम संपता संपता. *समीर गेला. दुसरा कोणी आईचं काम करेल का, उद्यापर्यंत सांगा.*

“मला कुणाला विचारावं तेच कळेना,” समीर म्हणाला. “घरी अम्मीला सांगितलं, मला काढलं म्हणून. ती म्हणाली, काय चुकलं तुझं? मला सांगता येईना.”

मिथिलेनं कुंपणाची काठी घट्ट धरली.

“ताई, एक विचारू? राग येणार नसेल तर.”

“विचार.”

“आईचं काम बरं होत होतं का माझं?”

‘छानच होत होतं’ हे तिच्या जिभेवर आलं. असं म्हणायची तिला सवय होती. नटांना ती रोज म्हणायची, तालीम संपली की, पिशवी भरता भरता. तिनं कालचा प्रवेश आठवून बघितला. परवाचा बघितला. समीर खाटेवर बसतो, गुडघ्यावर हात ठेवून उठतो… ते तिनं लिहिलं होतं. त्यानं ते केलं कसं, हे तिला दिसेना.

“मला माहीत नाही, समीर,” ती म्हणाली.

पलीकडे पिशवीची चेन मागे-पुढे सरकल्याचा आवाज आला.

“उद्या ये. उद्या बघते.”

“तुमचे तास आहेत ना उद्या?”

“सकाळी आहेत. जाणार आहे.” हे कधी ठरलं, तिला ठाऊक नव्हतं. “तू दुपारी ये. आणि गुरुवारी तासभर उशिरा ये.”

“बघतो,” तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, “येतो.”

फोन बंद झाला. पहिला शब्द खरा की दुसरा, याचा विचार करत ती बांधावरून खाली आली.

आबा दुसऱ्या टोकाचा वाफा भिजवत होते. त्यांना सांगायला हवं होतं की समीर सोडून गेला नव्हता, आपणच त्याला घालवलं. त्यात कॉलेजनं काही हिसकावलं नव्हतं, आणि नाटकानंही नाही. मग हजेरीचं काय, अंतिम फेरीचं काय, ते सगळं होतं तिथेच होतं, एक टक्काही इकडचा तिकडे झाला नव्हता. आणि तरी सकाळपासून तीनदा विचारलेला प्रश्न चौथ्यांदा विचारायला तिनं तोंड उघडलं, तर शब्द लागेनात. काय सोडू… कशातून सोडू… धरलंय तरी काय…

तिनं तोंड मिटलं.

काय करावं हे न कळून ती वाफ्यांच्या मधे नुसती उभी राहिली. कुणाची नक्कल नव्हती. हात कुठे ठेवायचे ते सुचत नव्हतं, म्हणून ते तसेच लोंबत राहिले. चपलेत चिखल शिरला होता, गार होता. माठाच्या पानांवर पाण्याचे थेंब होते आणि देठ गडद लाल होते, जवळजवळ जांभळे. एक पान मधेच हिरवं निघालं होतं. पलीकडच्या मळ्यातली कुदळ थांबली, आणि तिचा शेवटचा आवाज जरा उशिरानं आला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक.

आबा रिकामी झारी घेऊन वाफा संपवत तिच्यापर्यंत आले. थांबले. डोळ्यांवर हात धरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, पायांपासून तोंडापर्यंत, नीट, जणू ती आत्ताच मळ्यात येऊन पोचली होती.

“आलीस गो?” ते म्हणाले. “बस. पाणी आणतो.”