घाटाखालची खानावळ

खाडीवरच्या एका मोठ्या पुलाचा आराखडा करणारे एक वृद्ध अभियंते होते. शाल्मली ही त्यांची शिष्या. पुलावर रस्त्याबरोबर रेल्वेचे रूळही असावेत, हा तिचा आग्रह. बंदरात उतरणारे खत आणि सिमेंट ट्रकने खाडीला वळसा घालून, घाट चढून जात असे. रूळ आले की तो माल पुलावरून थेट पलीकडे पोहोचणार होता. दोन वर्षांच्या खटपटीनंतर तिची सूचना मंजूर झाली.

दुसऱ्या दिवशी कचेरीत तिचा सत्कार ठरला. पण सर म्हणाले, "सत्कार राहू दे. चल, घाटात जेवायला जाऊ."

शाल्मली खट्टू झाली, तरी गेली. घाटाच्या पायथ्याशी हौसाबाईंची खानावळ होती. बाहेर पंधरा-वीस ट्रक उभे. हौसाबाई एका चालकाला दटावत होत्या, "डोळं बघ कसं लाल झाल्यात. झोप काढल्याबिगर घाट चढायचा न्हाई."

जेवण झाल्यावर सरांनी हात जोडले. "बाई, चारेक वर्षांनी पुलावरून मालगाडी जाईल. मग इथून ट्रक फारसे जायचे नाहीत. ही आखणी आमचीच. आधी तुमच्या कानावर घालावं म्हणून आलो."

हौसाबाईंनी चुलीकडे पाहिले. "मालक गेल्यावर ह्याच चुलीवर दोन पोरी शिकवल्या," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, "माल उतरणार कुठं?"

"पलीकडच्या काठावर. तिथे मालधक्का होईल."

"म्हंजे हमाल आलं. त्यास्नी जेवायला लागंलच की. बघते जागा." त्या शाल्मलीकडे वळल्या. "पोरी, तू का गं ताटात भाकरी टाकलीस?"

परतताना शाल्मलीने विचारले, "सर, माझं चुकलं का?"

"मुळीच नाही. खत स्वस्त पोहोचेल, घाटातले अपघात कमी होतील. परंतु मालाची वाट बदलली, की त्या वाटेवर पोट असलेल्या माणसांचं आयुष्यही बदलतं. आपल्या नकाशात ती दिसत नाहीत. एक दिवस रस्ता ओस पडलेला पाहून त्यांना हे कळू नये. आपण वेळेवर, समोर बसून सांगावं. तेवढं तर आपल्या हातात आहे."

पुढच्या वळणावर पंक्चर काढणाऱ्या एका म्हाताऱ्याचे दुकान दिसले.

"सर, गाडी थांबवा ना," ती म्हणाली. "इथे मी बोलते."