चौथी विहीर

रंगाच्या कारखान्याचे मॅनेजर पाटणकर आकड्यांचा तक्ता नाचवतच ग्रामसभेत आले. म्हणाले, "गावच्या पाचही विहिरींचं पाणी आम्ही दर महिन्याला तपासतो. तीन वर्षं आकडे सारखेच. यापुढे एकच विहीर तपासली तरी पुरे, बाकीचा खर्च वाचेल. हे संख्याशास्त्र आहे, तुम्हाला कळायचं नाही."

शाळेत गणित शिकवणाऱ्या हौसाबाईंनी तक्ता दोनदा वाचला. इतके गुळगुळीत आकडे पाहून त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

"पटलं साहेब," त्या म्हणाल्या. "फक्त ती एक विहीर चौथी ठेवा."

"चौथीच का?"

"गेल्या मे महिन्यात ती कोरडीठाक होती. आम्ही सगळ्यांनी तळात उतरून गाळ काढला. तरी त्या महिन्याचं तिचं पाणी तुमच्या तक्त्यात स्वच्छ आहे. इतकी गुणाची विहीर सोडून कसं चालेल?"