अप्पांच्या शेतातला थर

“...हा थर इथला नाही, स्वामीजी. कुणी आणून टाकला?”

शेतात खणलेल्या समाधीच्या खड्ड्याच्या काठावर विरूपाक्ष उकिडवा बसला होता. खाली त्याचे वडील, शिवमूर्तीअप्पा, मांडी घालून बसवलेले. अंगावर विभूती, मांडीवर बेलाची पानं. मातीची पहिली मूठ मुलानं टाकायची. गाव खोळंबलं होतं.

आणि विरूपाक्ष खड्ड्याची भिंत वाचत होता.

मुरगय्या स्वामी मठाचे. लहानपणी विरूपाक्षाला त्यांनीच पाटीवर अक्षरं गिरवायला लावली होती. आता तो माती सर्वेक्षणातला मोठा साहेब होता.

“इथला नाही, हे कशावरून?” स्वामींनी विचारलं.

“थर असे बसत नाहीत. पाणी मुरतं, बारीक कण खाली नेतं. मुळं कुजतात, वरची माती काळी होते. बोटभर व्हायला शेकडो वर्षं लागतात. एक थर कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, ते नीट कळतही नाही. इथे बघा. वर हातभर काळी माती, खाली एकदम तांबडी, मुरमाड. सुरीनं कापल्यासारखी.”

त्यानं काठाचं ढेकूळ फोडलं. आत पांढरे, नखाएवढे शंख.

“तळ्यातल्या गोगलगाई...”

“अकरा उन्हाळे,” स्वामी म्हणाले. “तळं आटलं की शिवमूर्ती त्यातला गाळ या शेतात वाहून आणायचा. डोक्यावर पाटी घेऊन.”

विरूपाक्षाचा हात थांबला.

बारा वर्षांपूर्वी या शेताची पाहणी त्यानंच केली होती. उथळ, मुरमाड. वर्ग सहावा. शेतीला अयोग्य. सगळ्या गावासमोर वाचून दाखवलं होतं. अप्पा काही बोलले नव्हते. त्यानंतर तो फारसा आलाच नाही.

“माझा कागद खोटा पाडायला?”

“मीही हेच विचारलं. तर म्हणाला, पोरानं लिहिलंय ते खरंच आहे. आता जमीनच बदलू.”

“मला कळवलं का नाही कुणी?”

“त्यानं नको म्हटलं. विरूला सांगून पटायचं नाही, खड्डा खणल्यावरच दिसेल, म्हणाला.” स्वामींनी खड्ड्याकडे बोट केलं. “समाधीची ही जागा त्यानंच दाखवून ठेवली होती.”

...

खाली अप्पांचा चेहरा शांत होता. विरूपाक्षाला त्याच्याकडे बघवेना. तो भिंतीकडेच बघत राहिला.

“माझी नोंद चुकली, स्वामीजी.”

“तेव्हा बरोबर होती.”

“आमच्या पुस्तकात असल्या मातीला एकच नाव आहे. मानवनिर्मित. एवढंच लिहू? हे... याला काय म्हणू मी?”

स्वामी वाकले. ढिगाऱ्यातली मूठभर काळी माती उचलून त्यांनी विरूपाक्षाच्या ओंजळीत ठेवली.

“नाव राहू दे, बाळ. माती दे.”